आठवी ‘ब’ची सरासरी

“तू ऊठ. तूही ऊठ. तू... नको, तू बस.”

आमचे मुख्याध्यापक मुळजकर सर बाकांच्या रांगांतून सावकाश चालले होते आणि मंडईत भोपळे पारखावेत तसं एकेकाकडे बघत होते. त्यांचं बोट ज्याच्याकडे वळायचं तो उभा राहायचा. माझ्याकडे वळायला त्यांना फार वेळ लागला नाही. दारातून आत येतानाच ते वळलं होतं.

बालाजी गवळीपाशी मात्र ते अडले.

“उभा राहा बघू. श्वास आत घे. अजून. पोट आत. हां, आता धर.”

बालाजीनं धरला. त्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा व्हायला लागला. सरांनी मान तिरकी करून त्याला बाजूनंही बघितलं.

“उद्या असाच उभा राहशील?”

बालाजीला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली.

“मग चालेल. बस.”

शेवटी आम्ही सहा जण उभे राहिलो. मी, पानवाल्या तांबोळींचा इरफान, किराणावाल्या गुगळ्यांचा सुयोग आणि आणखी तिघं. सहाही जणांत एक गोष्ट सारखी होती आणि ती वर्गातल्या सगळ्यांना दिसत होती. मागच्या बाकांवरून खुसखुस सुरू झाली.

“अभिनंदन!” मुळजकर सर म्हणाले. “तुमची उद्याच्या शैक्षणिक सहलीसाठी निवड झाली आहे.”

“सर, निवड कशावरून केली?” सुयोगनं विचारलं. त्याला प्रश्न विचारायची खोड होती.

“गुणवत्तेवरून,” सर म्हणाले आणि वर्ग मोकळेपणानं हसला.

घरी मी आईला एवढंच सांगितलं की उद्या सहल आहे आणि वर्गातल्या सहा जणांत मला निवडलंय. तिनं दुसरा प्रश्नच विचारला नाही. हातातलं काम टाकून ती कुंपणापाशी गेली आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. “अहो, आमच्या ज्योत्स्नाला निवडलंय हं शाळेनं! सगळ्या वर्गातून फक्त सहा जण!” काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांना कळलं असावं. “छान, छान,” म्हणून त्या आत गेल्या. आईनं सकाळी उठून धपाटे केले, दह्यात कालवलेली शेंगाचटणी दिली आणि जाताना माझ्या वेणीला नवी रिबीन बांधली. मी मान खाली घालून ती बांधून घेतली.

प्रकार असा होता. त्या वर्षी सरकारला अचानक कळलं होतं की शाळेतली मुलं जाड होत चालली आहेत. म्हणून ‘सुदृढ शाळा अभियान’ निघालं. तालुक्याची समिती येणार, एका वर्गाची उंची आणि वजनं घेणार, त्यावरून वर्गाची सरासरी काढणार. सरासरी चांगली आली की शाळेच्या दारावर पाटी लागणार आणि मुख्याध्यापकांचा जिल्ह्याला सत्कार होणार. आमच्या शाळेतून आठवी ‘ब’ची चिठ्ठी निघाली. मुळजकर सरांनी सरासरी चांगली याचा अर्थ सरासरी कमी असा घेतला आणि ती कमी करायचा सगळ्यात सोपा रस्ता शोधला.

दुसरा रस्ता म्हणजे आम्हाला खेळायला लावणं. पण तो फार लांबचा होता. वेळापत्रकात मंगळवारी आणि शुक्रवारी चौथा तास शारीरिक शिक्षणाचा होता, हे मला वाचून माहीत होतं. त्या तासाला वाळिंबे सर खडूचा डबा घेऊन यायचे आणि बीजगणित शिकवायचे. पाचवीपासून हे असंच चालू होतं. मैदान होतं, नाही असं नाही. पण संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब ते लग्नकार्याला द्यायचे. दिवाळीनंतर जो मांडव पडायचा तो पाऊस येईपर्यंत हलायचा नाही. खिडकीतून आम्हाला मैदान दिसायचं नाही, नवरदेव दिसायचे.

खेळाचे एक सर मात्र होते. हिप्परगे सर. तरुणपणी विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेले. शाळेत लागल्यापासून त्यांनी मतदारयाद्या केल्या, जनगणना केली, खिचडीच्या तांदळाची पोती उतरवून घेतली, तात्यासाहेबांच्या सुनेला माहेरी पोचवलं आणि परत आणलं. धावणं तेवढं राहून गेलं. त्यांचं पोट असं होतं की शाळेच्या फाटकातून आधी पोट यायचं आणि मग सर.

“आम्हाला घेऊन कोण जाणार?” सुयोगनं विचारलं होतं.

“हिप्परगे सर जातील,” मुळजकर सर म्हणाले. “मुलांबरोबर जबाबदार माणूस पाहिजे.”

हिप्परगे सर तेव्हा दारातच उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. “कळलं,” ते म्हणाले. समितीच्या दिवशी शाळेत नको असलेले एकूण सात जण झाले.

खेळाचे शिक्षक म्हणून समितीपुढे संस्कृतच्या उपळाईकर सरांना उभं करायचं ठरलं होतं. ते अंगानं काटकुळे. त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली होती.

आमची सहल गावाबाहेरच्या एका डेअरीवर गेली. डेअरी तात्यासाहेबांचीच, टेम्पोही डेअरीचाच. दुधाच्या कॅन उतरवून त्यांच्या जागी आम्हाला चढवलं. तिथं गेल्यावर मॅनेजरनं आम्हाला एका मोठ्या कढईपाशी नेलं.

“हा खवा,” तो म्हणाला. दुसऱ्या कढईपाशी नेलं. “हाही खवा.” मग एका टेबलापाशी आलो. “आणि हे पेढे. घ्या, घ्या. लाजू नका. तात्यासाहेबांनी सांगितलंय, पोरांना काही कमी पडू देऊ नका.”

जाड होऊ नये म्हणून निघालेल्या अभियानाच्या दिवशी आम्ही जाड मुलं पेढ्याच्या कारखान्यात बसून पेढे खात होतो. इरफाननं चार खाल्ले. मी हातातला एक तसाच धरून ठेवला. कुणी बघत असलं की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिथं तर ट्रे भरणाऱ्या बायका कामं सोडून बघत होत्या.

“कुठल्या शाळेची गं ही?” एकीनं दुसरीला विचारलं. “चांगल्या खात्यापित्या घरची दिसतात.”

एवढ्यावर आमचं शिक्षण संपलं. संध्याकाळपर्यंत आम्हाला तिथंच थांबायचं होतं. मागच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली बाज होती. हिप्परगे सर बाजेवर आडवे झाले आणि तोंडावर रुमाल टाकून झोपले. आम्ही भिंतीला टेकून बसलो.

“आपल्याला इथं का आणलंय, माहितीये ना?” सुयोग म्हणाला.

“मला आधीच माहिती होतं,” इरफान म्हणाला.

“मग आलास कशाला?”

“पेढे मिळणार म्हणून.”

कुणीच हसलं नाही. थोड्या वेळानं तो उठला आणि टेम्पोच्या मागं पडलेला जाड दोर ओढत घेऊन आला. कॅन बांधायचा दोर. त्याचं एक टोक त्यानं माझ्या पायाशी टाकलं.

“ओढ.”

“कशाला?”

“बसून तरी काय करायचंय? ओढ!”

मी बसल्याबसल्याच ओढला. तो धडपडला आणि गुडघ्यावर आला. इतर चौघं उठले. तिकडं तीन, इकडं तीन झालो. मातीत रेघ मारली. पहिल्या खेपेला आम्ही हरलो, कारण आमच्यातला एक जण दोर सोडून नाक पुसायला लागला. दुसऱ्या खेपेला सगळेच एकमेकांवर पडलो. तिसऱ्या खेपेला मागून आवाज आला.

“हातानं ओढता होय रे येड्यांनो?”

हिप्परगे सर बाजेवर उठून बसले होते. रुमाल मांडीवर पडला होता.

“मग कशानं ओढायचं सर?” मी विचारलं.

“वजनानं.” ते उठले, चपला काढल्या, पँट घोट्यावर दुमडली. “टाचा मातीत रोवा. अशा. गुडघा वाकवा. आता मागं रेला. हात फक्त धरायला असतात. आणि ज्योत्स्ना, तू पुढं काय करतेस? तू शेवटी जा. दोर पाठीवरून घे, खांद्यावरून पुढं आण, काखेत दाब. शेवटचा गडी हा खुंटा असतो. तो हलला की सगळे हलले. हलायचं नाही!”

तेरा वर्षांत माझ्या शरीराबद्दल मला पुष्कळ सल्ले मिळाले होते. कमी खा, उन्हात पडू नको, पळू नको पडशील, कडेला बस. हलायचं नाही, असं जोरात आणि आनंदानं ओरडून कुणी म्हणालं नव्हतं.

“धर! ताण! थांब, थांब, थांब... आत्ता! हेऽऽऽ!”

आम्ही ओढलं. समोरचे तिघं रेघ ओलांडून आले, एकावर एक कोसळले. सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. मग ते स्वतः एका बाजूला लागले आणि आम्ही सहाही जण दुसऱ्या बाजूला. त्यांनी टाचा रोवल्या आणि खरंच सांगते, आम्हाला ते हलवता येईनात. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, धाप लागली होती, पण चेहरा असा काही झाला होता की मी तो शाळेत कधी पाहिलाच नव्हता. पेढे भरणाऱ्या बायका दारात येऊन ओरडायला लागल्या. आता त्या बघत होत्या त्याचं मला काही वाटत नव्हतं. माझे तळहात सोलले होते, तेही मला नंतर कळलं.

तेवढ्यात बाजेवरचा फोन वाजला. मुळजकर सरांचा आवाज इतका मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“हिप्परगे! पोरांना घेऊन ताबडतोब या!”

“संध्याकाळपर्यंत ठेवा म्हणालात की.”

“अहो, सरासरी कमी पडतीय! त्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमचा वर्ग कुपोषित आहे. खिचडीचा तांदूळ कुठं जातो विचारतायत! मला वजन पाहिजे, हिप्परगे, वजन! असतील तसे उचला आणि टेम्पोत घाला!”

शाळेत काय झालं ते नंतर बालाजीकडून कळलं. समितीत दोघं होते, शिंगाडे नावाचे विस्तार अधिकारी आणि सरकारी दवाखान्यातल्या कुंभोजकर मॅडम. मॅडम तरुण होत्या आणि काम मनावर घेणाऱ्या होत्या, तिथंच घोटाळा झाला. आम्हाला वगळल्यावर वर्गात उरली ती बहुतेक काडीसारखी पोरं. वजनकाट्यावर एकेक चढत गेला तशा मॅडमच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. सरासरीला खालचीही हद्द असते, हे मुळजकर सरांना तिथं उभ्याउभ्या कळलं. बालाजी श्वास आत ओढून काट्यावर चढला तेव्हा मॅडमनी त्याची बरगडी चाचपून पाहिली आणि विचारलं, “बाळ, तुला दम लागतो का?” उपळाईकर सरांनी पोरांना रांगेत लावायला शिट्टी फुंकली आणि त्यांना असा खोकला लागला की मॅडमनी त्यांनाही खुर्चीत बसवून तपासलं.

हिप्परगे सर फोन कानाला लावून आमच्याकडे बघत होते. आम्ही दोर धरून उभे होतो. कुणी दोर खाली ठेवला नव्हता.

“आत्ता नाही जमणार, सर,” ते फोनवर म्हणाले.

“का?”

“तास चालू आहे.”

“कसला तास?”

“शारीरिक शिक्षणाचा.”

असा एक विषय आपल्या शाळेत आहे, हे मुळजकर सरांना आठवायला वेळ लागला असता. त्याआधीच हिप्परगे सरांनी फोन बंद करून बाजेवर टाकला, हातावर माती चोळली आणि म्हणाले, “हं. कुठवर आलो होतो?”

अर्ध्या तासानं तात्यासाहेबांची जीप आत आली. मुळजकर सरांनी सांगितलं होतं की वर्गातली काही मुलं सहलीला गेली आहेत, तर मॅडम म्हणाल्या होत्या, चला, आपणच तिकडं जाऊ. शिपाई काटा काखोटीला मारून उतरला. मागून घाम पुसत मुळजकर सर. आम्हाला बघून त्यांचे डोळे असे भरून आले की जणू हरवलेली लेकरं सापडली.

“बघा मॅडम, बघा!” त्यांनी इरफानच्या गालाला हात लावला. “कशी भरलेली आहेत! ही आमच्या शाळेतली मुलं. सगळी शाळेची खिचडी खाणारी!”

“सर, मी तर घरचा डबा...” सुयोगनं सुरुवात केली. मुळजकर सरांनी त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला आणि जोरात दाबला.

कुंभोजकर मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी घामानं निथळत होते, रिबीन सुटून खांद्यावर आली होती.

“छान खेळत होता तुम्ही. रोज खेळता?”

“रोज, मॅडम, रोज!” मुळजकर सर म्हणाले. “आमच्याकडे खेळावर फार भर आहे.”

“मी तिला विचारलं.”

मी मुळजकर सरांकडे पाहिलं. ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. हिप्परगे सर पायातली माती झटकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. बोल असंही सुचवलं नाही आणि बोलू नको असंही नाही.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “आज पहिल्यांदाच खेळलो.”

“पहिल्यांदा? आणि सहलीला इथंच कसे आलात?”

“सहल नाही. आम्हाला इथं लपवलंय.”

“कुणापासून?”

“तुमच्यापासून.”

मग मुळजकर सर मोठ्यानं हसले. “भारी विनोदी मुलगी आहे! नाटकात घेणार आहोत हिला.” शिंगाडे साहेब मघापासून घड्याळाकडे बघत होते. तात्यासाहेबांच्या बंगल्यावर जेवण होतं. “मॅडम, उरकून घेऊ या का? पानं वाढलीत म्हणे.”

मॅडमनी काटा मांडायला लावला. एकेकाचं वजन झालं. माझं झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “उंचीच्या मानानं जास्त आहे गं तुझं. खेळत जा.”

“कुठं खेळू?” मी विचारलं.

त्यांनी मुळजकर सरांकडे पाहिलं. मुळजकर सरांनी शिंगाडे साहेबांकडे पाहिलं. शिंगाडे साहेब जीपकडे चालायला लागले होते.

आमची सहा वजनं मिळवल्यावर आठवी ‘ब’ची सरासरी अशी काही बरोबर बसली की तालुक्यात कुठल्याच शाळेची तेवढी बसली नाही. काडीसारखे काडीसारखेच राहिले, जाड जाडच राहिले, पण सरासरीनं आम्ही सगळे सुदृढ झालो. मॅडमनी मैदानाबद्दल आणि तांदळाबद्दल कडक शेरा लिहिला होता म्हणतात. तो वर कुणी वाचला असेल तर त्याचा परिणाम खाली आला नाही. पाटी मात्र आली. शाळेच्या दारावर कुणाच्या तरी लग्नाची कमान होती, म्हणून ती तात्पुरती सायकलस्टँडवर ठोकली. मुळजकर सरांच्या सत्काराच्या फोटोत त्यांच्या शेजारी शिट्टीसकट उपळाईकर सर आहेत.

मला शिक्षा झाली नाही. नाटकातही घेतलं नाही. मुळजकर सर माझ्याकडे बघेनासे झाले एवढंच.

मग शुक्रवार आला. चौथ्या तासाची घंटा झाली आणि वाळिंबे सर खडूचा डबा घेऊन आत आले. त्यांनी फळ्यावर समीकरण लिहायला घेतलं तोच दारात हिप्परगे सर उभे राहिले. हातात एक कागद होता.

“एक मिनिट, वाळिंबे. पोरांनो, मला मेमो मिळालाय. ऐका.” त्यांनी घसा साफ केला. “‘आपण पूर्वसूचना न देता व परवानगी न घेता शारीरिक शिक्षणाचा तास घेतल्याचे निदर्शनास आले आहे. तरी याबाबत लेखी खुलासा करावा.’”

हसावं की नाही, कुणाला कळेना. सर मात्र हसायला लागले. पोट धरून हसले. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

“नोकरीला लागून एवढी वर्षं झाली, हा पहिला मेमो. आणि तोही तास घेतल्याबद्दल. आता मिळालाच आहे, तर खुलासा लिहायला अजून थोडा मजकूर गोळा करू. चला बाहेर.”

“हिप्परगे,” वाळिंबे सर म्हणाले, “हा तास माझा आहे.”

“तास माझाच आहे. तुमच्याकडे ठेवायला दिला होता.”

वाळिंबे सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. आम्ही बाकांवरून उड्या टाकत बाहेर पडलो. मैदानात मांडव होता, वाजंत्री होती, आचारी कांदे चिरत होते. सर म्हणाले, जागा नाही तर नाही, आणि ऑफिससमोरच्या बोळात त्यांनी टाचेनं रेघ ओढली. डेअरीतला दोर त्यांनी मॅनेजरकडून मागून आणला होता. एका बाजूचा म्होरक्या इरफान, दुसऱ्या बाजूचा बालाजी. गडी निवडायचे होते. पहिली पाळी बालाजीची आली. डेअरीतले आमचे चौघं आधीच इरफानमागं जाऊन उभे होते, तर चपळ, हडकुळी पोरं बालाजीमागं रांग लावून हात वर करून नाचायला लागली, मला घे, मला घे. मी सवयीनं नळापाशी जाऊन उभी राहिले होते.

“ज्योत्स्ना,” बालाजी म्हणाला.

“ए, ती आमची आहे!” इरफान धावून आला.

“पहिला मी बोललोय!”

“तू बोललास म्हणून काय झालं? तुला माहिती तरी आहे का ती काय आहे? ती खुंटा आहे!”

“म्हणूनच पाहिजे!”

त्यांची धक्काबुक्की सुरू झाली. ऑफिसची खिडकी धाडकन उघडली आणि मुळजकर सरांचं डोकं बाहेर आलं. “काय चाललंय हे? कुणाच्या परवानगीनं?”

“भांडण चाललंय सर,” हिप्परगे सर वर न बघता म्हणाले. “ही पोरगी कुणाकडे, यावरून. ज्योत्स्ना, तूच सांग बाई. कुठं जातेस?”

मी गणवेशाला तळहात पुसले आणि दोन्ही बाजू नीट बघून घेतल्या.

“जे जास्त वाळकुडे आहेत, त्यांच्याकडे,” मी म्हणाले आणि बालाजीच्या रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन दोर खांद्यावरून घेतला.